वकिलावाचून घटस्फोट: संमती म्हणजे नेमकं काय?

मंडळी, तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेल्या माणसाने घटस्फोटावर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. हा विषय आमच्याकडे आला तो एका जुन्या विद्यार्थिनीमुळे. नवराबायकोचं वेगळं व्हायचं शांतपणे ठरलेलं, मूल नाही, भांडण नाही. वकिलाची फी ऐकून मात्र दोघं हबकले आणि जोडीने आमच्याकडे आले. "सर, वकील लावायलाच हवा का हो?" आम्हाला उत्तर ठाऊक नव्हतं. म्हणून कायदा वाचायला बसलो, तर लक्षात आलं की प्रश्न फीपेक्षा 'संमती' या शब्दाचा जास्त आहे.

आधी सरळ उत्तर देतो. सक्ती नाही. कौटुंबिक न्यायालय कायदा 1984 सालचा. त्याचं कलम 13 म्हणतं की या न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणं हा कुठल्याही पक्षकाराचा हक्क नाही. न्यायालयाला गरज वाटली तर ते न्यायमित्र म्हणून जाणकाराची मदत घेईल. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर चित्र होतं ते दोन माणसांनी न्यायाधीशांपुढे स्वतः बोलण्याचं. प्रत्यक्षात वकील तिथे सर्रास दिसतात, पण ते परवानगीने. जिथे कौटुंबिक न्यायालय नाही तिथे दिवाणी न्यायालयात जावं लागतं, आणि स्वतःचं प्रकरण स्वतः चालवायला तिथेही मनाई नाही.

आम्ही बोलतो आहोत ते फक्त परस्परसंमतीच्या घटस्फोटाबद्दल, हे ध्यानात ठेवा. हिंदू विवाह कायदा 1955 चा, पण ही सोय, म्हणजे कलम 13ब, त्यात आली 1976 साली. नोंदणी पद्धतीने लग्न केलेल्यांना विशेष विवाह कायद्याचं कलम 28 आहे. तीन गोष्टी लागतात: वर्षभर वेगळं राहणं, एकत्र नांदणं न जमणं, आणि लग्न संपवावं यावर दोघांचं एकमत. वेगळं राहणं म्हणजे वेगळं घरच हवं असं नाही. एका छपराखाली राहूनही नवराबायको म्हणून राहत नसाल तर तेही वेगळंच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1991 च्या सुरेश्ता देवी प्रकरणात म्हटलं आहे. मुंबईतले जागेचे भाव ज्यांना ठाऊक आहेत त्यांना हे लगेच पटेल!

कागदांचं काम फार अवघड नाही. दोघांच्या सह्यांची एकच संयुक्त याचिका, सोबत प्रतिज्ञापत्र, लग्नाचा दाखला, ओळखीचे आणि पत्त्याचे पुरावे, फोटो. बायकांना महाराष्ट्रात घटस्फोटाच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे. नेमकं काय जोडायचं ते न्यायालयातल्या दाखल शाखेत विचारून घ्यावं, लाजू नये. पुढे विवाह समुपदेशकाकडे बसावं लागतं. पुष्कळांना ती कटकट वाटते. आम्हाला वाटत नाही, कारण वकील नसताना तुमच्या अटी तिसऱ्या माणसाने शांतपणे वाचण्याची ती एकच जागा असते.

आता संमतीकडे येऊ. याचिका दाखल झाल्यावर कायदा सहा महिने थांबायला लावतो, आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा येऊन 'होय' म्हणायचं असतं. एकदा होय म्हटलं की झालं, असं का नाही? कारण संमती आणि वचन या दोन निराळ्या गोष्टी आहेत. वचन काल दिलेलं असतं आणि आज बांधून ठेवतं. संमती मात्र आज असावी लागते. म्हणून त्याच सुरेश्ता देवी निकालात म्हटलं आहे की हुकूमनामा होईपर्यंत दोघांपैकी कुणीही मागे फिरू शकतो. पुढे 2017 च्या अमरदीप सिंग निकालात न्यायालयाने हे सहा महिने माफ करण्याची वाट मोकळी केली. पण कुणासाठी? जे आधीच दीड वर्ष वेगळे आहेत, समेटाचे प्रयत्न थकले आहेत, आणि पोटगी, मुलांचा ताबा हे सगळं ज्यांनी खरोखर मिटवलं आहे, त्यांच्यासाठी. परदेशात असलेल्यांना व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची मुभा त्याच निकालात आहे. अमेरिकेतल्या आपल्या मुलामुलींना हे सांगून ठेवा.

खरा वेळ द्यायचा तो संमतीच्या अटींना. तिथे घाई केली की वाचवलेली फी दामदुपटीने जाते. पोटगी एकरकमी की दरमहा, कुठल्या तारखेला, कुठल्या खात्यात? स्त्रीधनाची यादी केली का, की 'दागिने परत केले' एवढंच मोघम लिहिलं? मूल असेल तर 'वडिलांना भेटता येईल' हे वाक्य कुचकामी आहे. कुठला वार, किती वाजता, दिवाळीची सुट्टी कुणाकडे, हे लिहावं. मुलाच्या खर्चाचा हक्क मुलाचा असतो, आईने रागाच्या भरात तो सोडून द्यायचा नसतो. आणि घराचं कर्ज! 'हप्ते मी भरीन' असं त्याने लिहून दिलं तरी बँक त्या कागदाने बांधली जात नाही. कर्जावर तुमची सही असेल तर बँक तुमच्याही दाराशी येते. फ्लॅटचा हिस्सा दुसऱ्याच्या नावावर व्हायचा असेल, तर मात्र या एका कामापुरता वकिलाचा तासाभराचा सल्ला विकत घ्यावा. तो खर्च काटकसरीत बसतो.

आता एक गोष्ट खडसावून सांगतो. घरात मारहाण असेल, एकाला दुसऱ्याची भीती वाटत असेल, हिशेब एकाच्याच हातात असतील, तर 'आपण दोघं मिळून स्वस्तात करू' या बोलण्याला भुलू नका. भीतीपोटी केलेली सही संमती नव्हे. तिथे वकील हवाच, आणि तो फुकट मिळतो. विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12: स्त्रीला मोफत विधी साहाय्य मिळतं, तिचं उत्पन्न कितीही असो. अनुसूचित जाती-जमातींच्या आणि अपंग व्यक्तींनाही हा हक्क आहे, इतर पुरुषांना उत्पन्नाची मर्यादा आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात प्राधिकरणाचं कार्यालय असतं, फोन 15100.

आणि सर्वांत स्वस्त म्हणून जो मार्ग सांगितला जातो, स्टँप पेपरवर लिहून नोटरीचा शिक्का, त्याने लग्न मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड होते आणि कायद्याने ती राखून ठेवली आहे, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. नुसत्या नोटरीच्या कागदावर दुसरं लग्न केलं तर तो गुन्हा ठरू शकतो.

हुकूमनामा झाला की त्याच्या प्रमाणित नकला दोन-तीन एकदमच मागून घ्या. पासपोर्ट, बँक, पुढे कधी दुसरं लग्न, सगळीकडे लागतात. आमच्या विद्यार्थिनीने एकच घेतली होती. दुसऱ्या नकलेसाठी तिला अर्धा दिवस रजा टाकून पुन्हा जावं लागलं.