दोन टर्बोंचे डिझेल इंजिन आणि खानदेशचे रस्ते

महिंद्राची टीयूव्ही ३०० सप्टेंबर २०१५ मध्ये बाजारात आली. तिच्या बॉनेटखाली एमहॉक ८० हे तीन सिलिंडरचे, १४९३ सीसीचे डिझेल इंजिन होते आणि त्याला दोन टप्प्यांचा टर्बोचार्जर होता. ताकद ८४ अश्वशक्ती. टॉर्क २३० न्यूटन-मीटर, तोही मिनिटाला १५०० ते २२५० फेऱ्यांच्या पट्ट्यात. दोन टर्बोंची डिझेल गाडी म्हणजे जर्मन आणि महागडी, असाच तोवरचा समज होता. इथे पुण्यात ६.९० लाखांपासून सुरू होणाऱ्या गाडीत ती रचना आली आणि जळगाव-धुळ्याकडच्या बोलेरो चालवणाऱ्या माणसाच्या आवाक्यातही आली.

१४९३ हा आकडा करातून आला. चार मीटरपेक्षा आखूड आणि १५०० सीसीपर्यंतचे डिझेल इंजिन असलेल्या गाडीला तेव्हा उत्पादन शुल्कात मोठी सवलत होती. टीयूव्हीची लांबी ३९९५ मिलिमीटर ठेवली ती त्यासाठीच. मात्र गाडी शिडीच्या चासीवर उभी केलेली, वजनदार, सात माणसे बसवणारी. जुन्या बोलेरोतले एमटूडीआयसीआर इंजिन २५२३ सीसीचे होते आणि ६३ अश्वशक्ती व १९५ न्यूटन-मीटर देत होते. त्याच्या साठ टक्के आकाराच्या इंजिनाकडून त्याहून जास्त ओढ काढायची, तर सिलिंडरमध्ये हवा दाबून भरण्याखेरीज मार्ग नव्हता.

टर्बोचार्जरचे तत्त्व जुने आहे. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ साली त्याचे पेटंट घेतले. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात ढकलते. अडचण चक्राच्या आकाराची आहे. मोठे चक्र भरपूर हवा देते, पण कमी फेऱ्यांवर धुराचा जोर अपुरा पडतो, ते उशिरा जागे होते आणि तोवर गाडी ओढत नाही. लहान चक्र लगेच फिरू लागते, पण वरच्या फेऱ्यांवर त्याचाच अडथळा होतो. दोन टप्प्यांच्या रचनेत दोन्ही बसवतात. सुरुवातीला सगळा धूर आधी लहान टर्बोतून जातो. फेऱ्या वाढल्या की मधली झडप हळूहळू उघडते आणि धूर थेट मोठ्या टर्बोकडे वळतो; शेवटी सारे काम मोठा टर्बो करतो. हवेच्या बाजूलाही अशीच एक झडप असते. हा बदल चालकाला जाणवू नये यातच रचनेचे कसब आहे.

मोटारगाडीत ही दोन टप्प्यांची रचना ठळकपणे पुढे आणली ती बीएमडब्ल्यूने, २००४ च्या ५३५डी या गाडीत: तीन लिटर, २७२ अश्वशक्ती, ५६० न्यूटन-मीटर. मर्सिडीजचे ओएम ६५१ हे २१४३ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन २००८ मध्ये आले आणि दोन टर्बोंच्या रूपात २०४ अश्वशक्ती व ५०० न्यूटन-मीटर देऊ लागले. लिटरमागे हिशेब केला तर या दोन्ही इंजिनांतून नव्वदच्या वर अश्वशक्ती निघते. एमहॉक ८० मधून निघते साधारण छप्पन्न. म्हणजे जर्मनांनी दुसरा टर्बो वेगासाठी लावला, तर इथे तो खालच्या गिअरमधल्या ओढीसाठी लावला. भरलेली गाडी लळिंगच्या किंवा कन्नडच्या घाटात तिसऱ्या गिअरवर चढवायची असते, तिथे हाच निर्णय शहाणपणाचा ठरतो. कमी ताकदीवर समाधान मानल्याने पिस्टन, हेड आणि क्रँकवरचा ताणही आटोक्यात राहतो.

दोन टर्बोंच्या इंजिनाची जी दुखणी गॅरेजमध्ये येतात, त्यांतली बहुतेक टर्बोत जन्मलेली नसतात. “टर्बो गेला” हे निदान ऐकायला मिळते तेव्हा त्याच्या कितीतरी आधी तेल, हवा किंवा डिझेल यांपैकी काहीतरी बिघडलेले असते. खानदेशात या तिन्हींची परीक्षा कडक होते.

पहिली गोष्ट हवा. जळगाव, भुसावळ भागात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो. १५ अंशांच्या हवेशी तुलना केली तर ४५ अंशांची हवा त्याच दाबाला सुमारे साडेनऊ टक्के विरळ असते. ही तूट भरून काढायला टर्बोला जास्त वेगाने फिरावे लागते. लहान टर्बोचा दांडा एरवीच मिनिटाला दोन लाखांच्या घरात फेऱ्या घेतो. दाबलेली हवा आणखी तापते, म्हणून ती इंटरकूलरमधून थंड करून आत जाते. पण इंटरकूलरवर येणारा वाराच तापलेला असला तर तो तरी किती थंड करणार? त्याच्या पात्यांमध्ये धूळ आणि कपाशीच्या हंगामात जिनिंगच्या आसपास उडणारा तंतू अडकला की उरलेसुरले कामही थांबते. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडावर, रेडिएटर आणि इंटरकूलर समोरून हलक्या दाबाच्या पाण्याने धुऊन घेणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे आणि तोच सर्वांत कमी केला जातो.

धुळीचे दुसरे नुकसान अधिक गंभीर आहे. काळ्या मातीची सुकलेली भुकटी फिल्टरच्या बाजूने आत शिरली, तर हवा दाबणाऱ्या चक्राच्या पात्यांच्या कडा घासून बोथट करते. फिल्टर बाजूने का गळतो? झाकणाची क्लिप तुटलेली असते, रबरी कड नीट बसलेली नसते, किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करताना कागदाला बारीक भोक पडलेले असते. फिल्टर झटकून परत लावण्याची सवय शेतशिवारात फिरणाऱ्या गाडीने सोडावी. नवा फिल्टर टर्बोच्या किमतीपुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट तेल, आणि सर्वाधिक टर्बो याच कारणाने जातात. टर्बोचा दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगतो. घाट चढून आलेल्या गाडीचे धुराकडचे चक्र कित्येकशे अंशांना तापलेले असते. धाब्यावर गाडी लागते, चावी फिरते, तेलाचा प्रवाह थांबतो आणि बेअरिंगमध्ये राहिलेले तेल जळून त्याची कडक काजळी होते. हे वारंवार झाले की तेल आणणारी बारीक नळी आणि तिच्या तोंडाची जाळी आखडत जाते. दोन टर्बो म्हणजे दोन दांडे, दोन नळ्या. घाटानंतर गाडी मिनिट-दोन मिनिटे रिकामी चालू ठेवून मग बंद करावी. पुस्तिकेत तेल बदलण्याचे अंतर दिलेले असते, पण धूळ, उष्णता आणि ओझे यांच्या वापरासाठी त्याच पुस्तिकेत बहुधा कमी अंतरही सांगितलेले असते. खानदेशातल्या गाडीने दुसरा आकडा पाळावा. टर्बो बदलताना तेलाची नळी जुनीच ठेवली, तर नवा टर्बोही थोड्याच दिवसांत त्याच वाटेने जातो.

टर्बो खरोखर खराब आहे का, हे हाताने तपासता येते. इंजिन थंड असताना हवेचा होज पाइप काढून दांड्याचे टोक बोटांत धरतात. आडवी किंचित हालचाल असते आणि ती असायलाच हवी, कारण दांडा तेलाच्या थरासाठी मोकळा ठेवलेला असतो. मात्र दांडा पुढे-मागे सरकत असला किंवा पाती कवचाला घासल्याच्या चमकदार खुणा दिसत असल्या, तर टर्बो संपला. होजमध्ये तेलाचा हलका ओलावा असणे गैर नाही. तेल साचून थेंब पडत असतील तर मात्र आधी क्रँककेसची श्वासनळी तपासावी. ती चोंदली असेल तर धडधाकट टर्बोही तेल गाळतो. दोन टप्प्यांच्या रचनेत लहान टर्बो मॅनिफोल्डला खेटून अडचणीत बसलेला असतो. तिथे हात पोहोचत नाही म्हणून पुष्कळ मेकॅनिक तो न पाहताच दोन्ही टर्बोंचा जोड बदलायला सांगतात.

दोन टर्बोंचे खास असे दुखणे म्हणजे मधली झडप. काजळीने ती अडकते, किंवा तिला हलवणारी व्हॅक्यूमची नळी उष्णतेने तडकते. झडप बंद राहिली तर वरच्या फेऱ्यांवर गाडी गुदमरते. उघडी राहिली तर सुरुवातीचा पिकअप जातो. चेक लाइट लागतो, इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद कमी करते आणि स्कॅनर ‘बूस्ट कमी’ एवढेच सांगतो. तोच संदेश फाटलेल्या इंटरकूलर होजमुळेही येतो. काळा धूर आणि जोर दिल्यावर फुस्स असा आवाज आला तर आधी होज पाहावा. तो काही शेकड्यांत किंवा फार तर हजारांत बदलतो.

तिसरी गोष्ट डिझेल. कॉमन रेलमध्ये इंधनाचा दाब १६०० ते २००० बारपर्यंत असतो आणि इंजेक्टरच्या आतले अंतर मायक्रॉनमध्ये मोजतात. पाणी मिसळलेले किंवा कॅनमधून ओतलेले डिझेल इथे चालत नाही. गळका इंजेक्टर सिलिंडरमध्ये जास्त इंधन सोडतो, धुराचे तापमान वाढते आणि त्याचा भोग टर्बोच्या वाट्याला येतो. इंजेक्टरचा प्रश्न कोणालाच चुकलेला नाही. ओएम ६५१ च्या सुरुवातीच्या गाड्यांतले पायझो इंजेक्टर मोठ्या संख्येने निकामी झाले आणि कंपनीला ते साध्या सोलेनॉइड प्रकाराने बदलून द्यावे लागले.

एप्रिल २०२० पासून बीएस ६ लागू झाले आणि नव्या डिझेल गाड्यांत काजळी पकडणारा डीपीएफ फिल्टर आला. साठलेली काजळी जाळायला त्याला सुमारे ६०० अंश उष्णता आणि सलग चाललेला रस्ता लागतो. जळगावात घर, शाळा, बाजार एवढेच फिरणाऱ्या गाडीत ही जाळणी अर्धवट राहते, वारंवार जादा डिझेल सोडले जाते आणि ते तेलात उतरून तेल पातळ करते. डिपस्टिकवर तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर आनंद मानू नये. ते तेल लगेच बदलावे. अशा गाडीला आठवड्यातून एकदा धुळ्यापर्यंत महामार्गावर एकसारख्या वेगाने नेऊन आणावे, आणि तेल कमी राखेचे, पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच घालावे.

एक धोका प्रत्येक चालकाला माहीत हवा. टर्बोचे सील पूर्ण फुटले तर इंजिन स्वतःचेच तेल पिऊन पळू लागते. मागून पांढरा-निळा धूर निघतो, फेऱ्या वाढत जातात आणि चावी बंद करूनही इंजिन थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडीत ब्रेक घट्ट दाबून वरचा गिअर टाकावा आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडावे. बॉनेट उघडून जवळ उभे राहू नये.

जुनी गाडी घेताना या साऱ्याचा एकच पुरावा असतो: तेल आणि फिल्टर बदलल्याची, किलोमीटर लिहिलेली बिले. ती नसतील तर दोन टर्बोंची डिझेल गाडी कितीही स्वस्त मिळत असली तरी घेऊ नये. त्या पैशात एका टर्बोची, नीट ठेवलेली बोलेरो बरी.