मांडी मायेची, तरी पट्टा हवाच

विमान म्हटले की आपल्या समाजातील वडीलधाऱ्यांना १९५६ साल आठवते. ११ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेब माईसाहेबांसह दिल्लीहून विमानाने नागपूरला आले आणि १४ तारखेला दीक्षाभूमीवर इतिहास घडला. त्याला दोन महिने उलटले नाहीत तोच, ६ डिसेंबरच्या रात्री विमानानेच त्यांचे पार्थिव मुंबईला आणावे लागले. त्या काळी आमच्या आज्या-आजोबांनी विमान पाहिले ते रानात राबताना मान वर करून. आज त्याच घरांतील पोरे शिकली, कोणी पुण्यात, कोणी बंगळुरात, कोणी आखातात कामाला लागली. त्यांची लेकरे विमानाने आजीच्या भेटीला पलूसला येतात. हा बदल बाबासाहेबांच्या पुण्याईचा आहे. पण नव्या प्रवासाबरोबर नव्या काळज्याही येतात. त्यांतल्या एका काळजीविषयी आज कुटुंबाच्या पानावर लिहीत आहोत.

आमच्या वस्तीतील एका घरचा मुलगा दुबईला एसी दुरुस्तीचे काम करतो. रमाई जयंतीच्या आठवड्यात त्याची पत्नी अडीच वर्षांच्या मुलीला घेऊन यायची होती. मुंबईच्या विमानतळावर उतरवून घ्यायला आजी निघाल्या. सोबत आम्हीही गेलो. सूनबाई बाहेर आल्या तेव्हा एका हाताला लेक आणि ढकलगाडीवर बॅगांच्या वर एक गुबगुबीत खुर्ची होती. मोटारीत लहान मुलाला बसवायची ती बेबी सीट. विमानातही मुलगी त्याच सीटमध्ये बसून आली होती. गाडीपाशी येताच त्यांनी मागच्या बाकावर ती सीट पट्ट्याने आवळून बांधली आणि लेकीला तीत बसवले.

आजींना ते रुचले नाही. वर्षभराने नात दिसत होती. त्या म्हणाल्या, "अगं पोरी, पाच लेकरं ह्या मांडीवर वाढिवली. त्यास्नी कुठं खुर्ची व्हती? लेकराला असं बांधून घालत्यात व्हय?"

सूनबाई शांतपणे म्हणाल्या, "आत्या, तुमची मांडी तिला हवीच आहे. पण गाडी थांबल्यावर. गाडी चालू असली की तिला तिची जागा."

कराड सोडून पलूसकडे वळलो तेव्हा रात्र झाली होती. साखर कारखान्यांचा हंगाम चालू होता. वळणावर उसाची ट्रॉली उभी होती, मागे ना दिवा, ना लाल कापड. चालकाने करकचून ब्रेक दाबला. धडक टळली. पण मागे पट्टा न लावता बसलेल्या आजी पुढच्या सीटवर आपटल्या आणि कपाळाला टेंगूळ आले. मुलगी मात्र सीटमध्ये होती तशीच होती. जागी झाली आणि पाणी मागू लागली. आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "मला माझीच मांडी सावरता आली न्हाई. पोरीला काय सावरली असती!"

त्या एका वाक्यात या विषयाचे सार आले. तरीही हिशेब मांडून पाहू.

हातांचा जोर आणि धडकेचा जोर

ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम अडली तर आतल्या माणसाला बसणारा तडाखा सुमारे १० मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीवरून पडल्याइतका असतो. अशा धडकेत १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट, म्हणजे दोनशे ते तीनशे किलोचा जोर लागतो. पोती उचलणाऱ्या हमालाच्या हातांतही तेवढे बळ नसते. येथे माया कमी पडत नाही, हात कमी पडतात. उलट मोठ्या माणसाला पट्टा नसेल तर त्याचेच अंग मांडीवरच्या बाळावर आदळते. म्हणून मुलांची योग्य सीट वापरली तर लहानग्यांच्या मृत्यूचे प्रमाण निम्म्याहून अधिक घटते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

विमानातही तेच. १९ जुलै १९८९ रोजी अमेरिकेत आयोवा राज्यातील स्यू सिटी येथे एक विमान कोसळले. त्यात मांडीवरची चार मुले होती. तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यांना आयांच्या पायाशी जमिनीवर ठेवायला सांगितले गेले. त्यांतले एक बाळ दगावले. तसे सांगावे लागलेल्या विमानसेविका जॅन ब्राऊन यांनी पुढची अनेक वर्षे एकच मागणी लावून धरली, की प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि स्वतःचा पट्टा मिळाला पाहिजे.

विमान कोसळणे विरळा. पण हवेत धक्के बसणे विरळा नाही. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारे विमान हवेतच असे हादरले की पट्टा न लावलेले प्रवासी छताला आपटले. एक प्रवासी दगावला आणि अनेक जखमी झाले. मांडीवरच्या मुलाला धरायला अशा वेळी क्षणाचीही उसंत मिळत नाही.

तरीही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. विमानाचा प्रवास हा एकूण प्रवासातला सर्वांत सुरक्षित टप्पा असतो. धोका अधिक आहे तो विमानतळापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर. अमेरिकेच्या सरकारने विमानात लहानग्यांना स्वतंत्र तिकीट सक्तीचे केलेले नाही, त्याचे कारणही हेच. तिकीट परवडले नाही तर कुटुंबे मोटारीने जातील आणि रस्त्यावर अधिक मुले दगावतील, असा त्यांचा हिशेब आहे. म्हणून सीट घ्यायची ती विमानापुरती नव्हे, आधी रस्त्यासाठी घ्यायची.

विमानात काय चालते

आपल्याकडे दोन वर्षांखालील मूल आईबापांच्या मांडीवर बसून जाऊ शकते. त्याचे वेगळे, कमी पैशांचे तिकीट असते. दोन वर्षे पूर्ण झाली की स्वतंत्र जागा घ्यावीच लागते. वयाचा पुरावा म्हणून जन्मदाखला जवळ ठेवावा. त्यावाचून खिडकीपाशी अडलेली कुटुंबे आम्ही पाहिली आहेत.

मूल मांडीवर असेल तर विमानातील कर्मचारी लहानग्यांचा छोटा पट्टा देतात. तो आईच्या पट्ट्यात अडकवून मुलाच्या कमरेला लावायचा. दिला नाही तर मागून घ्यावा, लाजू नये. आपला एकच पट्टा स्वतःभोवती आणि बाळाभोवती मिळून कधीही गुंडाळू नये. धक्का बसला तर आपल्याच अंगाखाली बाळ चिरडते.

सीट न्यायची असेल तर मुलाची स्वतंत्र जागा लागते. दोन वर्षांखालील मुलासाठीही पैसे भरून जागा घेता येते का, आपली सीट चालेल का, हे तिकीट काढण्यापूर्वीच विमान कंपनीला विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा असतो. अमेरिकी बनावटीच्या सीटवर ती मोटारीत आणि विमानात दोन्हीकडे चालते असे लाल अक्षरांत छापलेले असते. ते लेबल फाडू नये, तेच आपले प्रमाणपत्र. विमानाच्या खुर्चीत बसायला सीटची रुंदी १६ इंचांच्या आत असलेली बरी.

विमानातला पट्टा फक्त कमरेचा असतो, खांद्यावरचा नसतो. त्यामुळे जी सीट बांधायला मोटारीतला खांद्याचा पट्टा लागतो ती विमानात चालत नाही. मोठ्या मुलांना नुसते उंच करणारे बूस्टरही चालत नाही. सीट खिडकीजवळ लावावी, म्हणजे इतरांची वाट अडत नाही. संकटकाळी बाहेर पडायच्या दाराच्या रांगेत ती लावू देत नाहीत. १० ते २० किलो वजनाच्या मुलांसाठी केअर्स नावाचा विमानापुरता खांदेपट्टाही मिळतो. तो पिशवीत मावतो, पण मोटारीत त्याचा उपयोग नाही.

आणखी एक. विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना बजावले आहे, की एकाच तिकिटावर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांपैकी एकाजवळ तरी जागा दिली पाहिजे. मुलाला दूरची जागा दिली तर हा नियम सांगावा.

सीट निवडताना आणि बांधताना

दुबईत २०१७ पासून चार वर्षांपर्यंतच्या मुलाला मोटारीत सीट सक्तीची आहे, म्हणून आमच्या सूनबाईंना ती सवय. पण कायदा आपल्याकडेही आहे. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १९४ ब हे कलम आले. चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा सीट न लावता गाडी चालवली तर हजार रुपये दंड आहे. मोटारसायकलवर चार वर्षांखालील मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा आणि हेल्मेट लावावे, वेग ताशी ४० च्या वर नेऊ नये, हा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. आई आणि बाप यांच्यामध्ये बाळ दाबून बसवणाऱ्या आमच्या बांधवांनी हे मनावर घ्यावे.

सीट मुलाच्या वजनाची आणि उंचीची घ्यावी, 'पुढे वाढेल' म्हणून मोठी घेऊ नये. तान्ह्या बाळाचे डोके जड आणि मान नाजूक असते. म्हणून त्याचे तोंड गाडीच्या मागच्या बाजूला करून बसवतात. सव्वा वर्षापर्यंत तरी तसेच, आणि सीटच्या मापात बसत असेल तर त्याहून अधिक काळ बसवावे. अशी सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या जागेवर कधीही ठेवू नये. फुगलेली एअरबॅगच बाळाचा जीव घेते. मुलाची जागा मागच्या बाकावर.

बांधल्यावर सीट हलवून पाहावी. पट्टा जातो त्या ठिकाणी ती एक इंचाहून जास्त सरकता कामा नये. मुलाच्या अंगावरचे पट्टे पीळ न पडता बसावेत, आणि खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता येऊ नये इतका घट्ट असावा. जाड स्वेटर काढून पट्टा लावावा आणि थंडी वाटली तर वरून गोधडी पांघरावी.

भाड्याची गाडी ठरवताना मागच्या बाकाला चालू पट्टे आहेत का, हे आधी विचारावे. पुष्कळ चालक नवी कव्हरे घालताना पट्टे खाली दाबून टाकतात. ते उपसून घ्यावेत. वडापमध्ये आणि साध्या एस.टी.त पट्टेच नसतात, तेथे बेबी सीटचा उपयोग नाही. म्हणून शक्य तेथे लांबचा प्रवास रेल्वेने करावा. किर्लोस्करवाडीचे स्टेशन आपल्या दाराशीच आहे.

खर्चाचे काय?

बरी सीट साधारण चार-पाच हजारांपासून पुढे मिळते. रोजंदारीच्या घराला ही रक्कम लहान नाही, हे आम्ही जाणतो. नात वर्षातून एकदा येणार, तिच्यासाठी एवढा खर्च कोणी करावा? म्हणून आमची एक सूचना आहे. लग्नकार्याची भांडी आणि सतरंज्या आपण विहारात वर्गणी काढून ठेवतो आणि ज्याला लागतील तो नेतो. तशीच एक तान्ह्या बाळाची आणि एक मोठ्या मुलाची सीट महिला मंडळाने घ्यावी. कोणी कधी नेली याची वही ठेवावी. अपघातात सापडलेली सीट वरून धड दिसली तरी पुन्हा वापरू नये. सीटवर छापलेली मुदत संपली तर ती बाद करावी. म्हणूनच ज्याचा इतिहास ठाऊक नाही अशी जुन्या बाजारातील सीट घेऊ नये. विहारातल्या सीटचा इतिहास वहीत असतो. पलूसमध्ये आम्ही याची सुरुवात करणार आहोत आणि वही सांभाळण्याचे काम आम्ही घेतले आहे.

बाबासाहेब आणि रमाईंनी चार लेकरे गमावली. राजरत्न १९२६ साली गेला. गरिबी होती, आजारावर उपाय नव्हता. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९२८ साली, मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आई आणि मूल जगवणे हे एकट्या घराचे नव्हे, समाजाचे आणि सरकारचे काम आहे, ही त्यामागची भूमिका. त्या काळी उपाय नव्हते म्हणून लेकरे गेली. आज उपाय हाताशी असून केवळ सवय नाही म्हणून एकही लेकरू जाता कामा नये. भगवंतांनी अप्पमाद, म्हणजे सावधपणा शिकवला, तो विहारापुरता नाही, गाडीच्या मागच्या बाकावरही पाळायचा आहे.

आजींचे टेंगूळ चार दिवसांत उतरले. नात परत जायला निघाली तेव्हा आजी पुन्हा मुंबईपर्यंत गेल्या. त्यांनी स्वतःच नातीला सीटमध्ये बसवले, पट्टा ओढून पाहिला, आणि मग शेजारी बसून आपलाही पट्टा लावला. मांडीवर घ्यायला मधे चहाचे थांबे होतेच.

जयभीम.