पोरांच्या हातातला मोबाईल

शेतकी खात्यातर्फे या पानावर आम्ही नेहमी लागण, खते, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळचा विषय निराळा असला तरी आपल्या घरातलाच आहे. ऊसबिल खात्यावर वर्ग झाल्याचा मेसेज ज्या मोबाईलवर येतो, तोच मोबाईल दिवेलागणीनंतर पोरांच्या हातात असतो. २०२० साली शाळा बंद पडल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून आपणच तो त्यांना दिला. आता नुसते ‘मोबाईल ठेव खाली’ म्हणून भागत नाही. बेणेप्रक्रिया न करता लागण करायची आणि पुढे काणी दिसली की उसाला नावे ठेवायची, त्यातलाच हा प्रकार.

व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिकेच्या किंवा पीएम किसानच्या नावाने फाईल येते. तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. पोरगं उत्सुकतेने बोट लावतं, विचारेल त्याला ‘हो’ म्हणतं, की फोनमध्ये चोराचे अ‍ॅप बसते आणि बँकेचा ओटीपी परस्पर त्याच्याकडे जातो. अशी फाईल मामाच्या नंबरवरून आली तरी उघडायची नाही, कारण मामाचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

दुसरे, पैसे घेताना पिन लागत नाही. हे तोंडी सांगू नका, करून दाखवा. पोराला जवळ बसवून मामाला एक रुपया पाठवा, पिन मागतो. मामाला तो परत पाठवायला सांगा. आपल्याला काही न विचारता जमा होतो. मग ‘बक्षीस जमा करायला पिन टाका’ म्हणणारा चोर आहे, हे पोराला आपोआप कळते.

पैशाचे एक वेळ सोसवते. त्याहून वाईट प्रकार आहे तो अनोळखी मैत्रीचा. गोड बोलून मुलीचा, मुलाचासुद्धा, फोटो मागवतात आणि मग तो पसरवण्याची धमकी देऊन पैसे किंवा आणखी फोटो मागतात. एकदा दिले की मागणी वाढतच जाते. पोर गप्प राहते ते चोराच्या भीतीने कमी, बापाच्या माराच्या भीतीने जास्त. म्हणून ‘काही झालं तर आधी मला सांग, मी हात उगारणार नाही’ हे आजच सांगून ठेवा, आणि वेळ आली तर तो शब्द पाळा. मुलीची शाळा बंद करणे हा यावर उपाय नव्हे. २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा-मुलगी दोघांच्याही पाठीशी आहे आणि त्यात मुलाचे नाव गुप्त ठेवण्याची तरतूद आहे. आलेले मेसेज पुसू नका, तोच पुरावा. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. मूल संकटात असेल तर १०९८ ला.

(बाप स्वतः बांधावर बसून तासभर रील्स बघत असेल, तर पोराने त्याचे का ऐकावे, हेही आहेच. आमचे काही कर्मचारीही त्यातलेच.)

बाहेरून आलेली अ‍ॅप बसू न देण्याची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. ज्यांना ती जमत नाही त्यांनी गट कार्यालयात यावे, आमचा चिटबॉय करून देईल. येताना फोन आणि पोर दोन्ही आणावे. पिन मात्र आम्हालाही सांगू नये.