जुन्या गाडीचे शॉक : केव्हा, का आणि कसे बदलावेत?



गाळप संपलं, उसाच्या बिलाचा हप्ता खात्यावर पडला, की आपल्या भागातल्या गाड्या घाट उतरू लागतात. कुणाला पोरांना सिंधुदुर्ग किल्ला दाखवायचा असतो, कुणाला तारकर्लीला दोन दिवस विसावा घ्यायचा असतो, तर कुणी आंगणेवाडीच्या भराडीदेवीचा नवस फेडायला निघालेला असतो. गाडी बहुधा बोलेरो, सुमो, नाहीतर जुनी स्कॉर्पिओ. शहरात या गाड्यांना एसयूव्ही म्हणतात, आपण जीपगाडीच म्हणतो. गाडी दहा-पंधरा वर्षांची, आत आठ माणसे, वर टपाला सामान. निघण्यापूर्वी आपण डिझेल, हवा, ऑइल, पाणी पाहतो. शॉक मात्र कुणी पाहत नाही. मीही पाहिले नव्हते, म्हणूनच हा लेख.

फोंडा घाटातले ते वळण

माझी सासुरवाडी मालवणची. गाडी २००९ सालची बोलेरो, एमएच-०७ पासिंगची, किनाऱ्यावरच्याच एका मालकाकडून जुनी घेतलेली. २०२४ च्या मे महिन्यात करूळ घाट रस्त्याच्या कामासाठी बंद होता, म्हणून आम्ही राधानगरीवरून फोंडा घाटाने उतरत होतो. वेग फार नव्हता. एका वळणावर खड्डा आला, ब्रेक दाबला, आणि गाडीचा मागचा भाग उडून दरीच्या बाजूला सरकला. कठडा हातभर राहिला. मागे बसलेल्या सासूबाईंच्या तोंडून शब्द फुटेना.

मला वाटलं, ब्रेकचा दोष. दुसऱ्या दिवशी मालवणात एका जाणत्या मेस्त्रींकडे गाडी नेली. त्यांनी ब्रेकला हातच लावला नाही. ते गाडीखाली वाकले, मागच्या शॉकवर बोट फिरवून तेलाने काळे झालेले बोट मला दाखवले आणि म्हणाले, "भावोजी, ब्रेक बरे आसत. पण चाक जमनीरच नाय, तर ब्रेक काय करतलो?"

या एका वाक्यात सगळं शास्त्र आलं. ते जरा उलगडून पाहू.

कमानी वजन पेलतात, शॉक उसळी मारतो

आपला समज असा, की खड्ड्याचा दणका शॉक सोसतो. तसं नाही. दणका सोसते ती स्प्रिंग. बोलेरोला मागे कमानपाटे आणि पुढे कॉइल स्प्रिंग आहेत. जुन्या जीपला चारही बाजूंना पाटेच असत. स्प्रिंग दबते, दणका पोटात घेते. पण घेतलेला जोर ती तिथेच ठेवत नाही, उसळून परत देते. शॉक नसेल तर गाडी एका खड्ड्यावर चार वेळा नाचेल.

ही उसळी मारण्याचे काम शॉकचे. त्याच्या नळीत तेल आणि एक दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक छिद्रे व झडपा असतात. चाक वर-खाली झाले की तेलाला या बारीक वाटेतून जावे लागते. फवारणीच्या पंपाचे नोझल बारीक केले की दांडा जड लागतो, अगदी तसेच. या ओढाताणीत उसळीचा जोर उष्णतेत बदलतो. खराब रस्त्यावरून आल्यावर शॉक गरम लागतो तो यामुळे. काही शॉकमध्ये नायट्रोजन वायू भरलेला असतो. त्याने तेलाला फेस येत नाही. तेलाचा फेस झाला की दट्ट्याला अडवायला काही उरत नाही.

आपल्या टायरगाडीला ना कमानी, ना शॉक. बैलांच्या चालीला ते चालून जाते. साठच्या वेगाने जाणाऱ्या गाडीचे तसे नाही. चाक क्षणभर जरी जमिनीवरून उचलले, तरी त्या क्षणाला ब्रेकही नाही आणि स्टेअरिंगही नाही.

स्ट्रट म्हणजे काय?

डस्टर, ब्रेझा, एक्सयूव्ही ५०० अशा नव्या बांधणीच्या गाड्यांना पुढे 'स्ट्रट' असतो. मॅकफर्सन नावाच्या अमेरिकन इंजिनियरने ही रचना दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बसवली. यात स्प्रिंग आणि शॉक एकाच खांबात असतात आणि तो खांबच चाकाला वरून धरून ठेवतो. साधा शॉक गेला तर गाडी नाचते. स्ट्रट गेला तर गाडी नाचतेच, शिवाय चाकाचा कल बिघडून स्टेअरिंग एका बाजूला ओढू शकते.

शॉक गेला हे कसे ओळखावे?

१. शॉकच्या नळीवर तेल ओघळलेले दिसते. नुसता ओलसरपणा व त्यावर धूळ एवढेच असेल तर लगेच घाबरू नये, पण ओघळ असेल तर शॉक गेला समजावे.

२. ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक फार खाली जाते.

३. वळणावर गाडी होडीसारखी कलंडते आणि सरळ व्हायला वेळ घेते.

४. टायरवर हात फिरवला तर एकसारखी झीज न लागता मध्ये मध्ये खळगे लागतात.

५. रात्री हेडलाइटचा झोत सारखा वर-खाली होतो.

६. खड्ड्यातून जाताना 'खट्‌ खट्‌' आवाज येतो. हा आवाज पुष्कळदा रबरी बुश गेल्याचा असतो. शॉक चांगला असून बुश गेला असेल आणि तो सुटा मिळत असेल, तर नुसता बुश बदलूनही भागते.

आता एक फसवी परीक्षा. बंपर दाबून सोडायचा, गाडी एकदा वर येऊन थांबली तर शॉक ठीक, असे सगळे सांगतात. मीही ती परीक्षा घेतली होती आणि माझी गाडी पास झाली होती! मेस्त्रींनी त्याचे कारण दाखवले. माझ्या गाडीचे पाटे गंजून एकमेकांना धरले होते. पाट्यांच्या घर्षणानेच गाडी थांबत होती, शॉकने नव्हे. हाताने दाबताना हे चालते, पण घाटातल्या दणक्यापुढे ते घर्षण पुरे पडत नाही. म्हणून पाट्यांच्या गाडीला ही परीक्षा घेतली तरी तिच्यावर विसंबू नये. खाली वाकून डोळ्यांनी पाहावे.

खाऱ्या हवेचा प्रताप

माझे पाटे एवढे गंजले कसे? उत्तर मालवणच्या हवेतच आहे. समुद्रावरून येणारा वारा मीठ घेऊन येतो. त्यात मासळीच्या पेट्या वाहणारी गाडी असेल, तर बर्फाचे खारे पाणी रोज तळाला ठिबकते. पावसाळा तर कोकणचा, विचारायलाच नको. शॉकचा दांडा गुळगुळीत, चकचकीत मुलाम्याचा असतो. मिठाने त्या मुलाम्यावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडतात. दांडा आत-बाहेर होताना हे खड्डे तेलाच्या सीलला किसणीसारखे खरवडतात. जांभ्याची लाल धूळ त्यात भर घालते. सील गेले की तेल गेले, आणि तेल गेले की शॉक म्हणजे नुसती लोखंडी नळी.

म्हणून किनाऱ्यावरची जुनी गाडी घेताना रंग आणि सीटकव्हर नंतर पाहा. आधी खाली वाका. पाटे, त्यांचे यू-बोल्ट आणि शॉक जिथे चासीला अडकतो ते ब्रॅकेट पाहा. ब्रॅकेटच कुजले असेल तर नवा शॉक घालून उपयोग नाही. आपण चार दिवस मालवणला जाऊन आलो, तरी परतल्यावर गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुवावा. आणि हौस म्हणून वाळूत, लाटांच्या पाण्यात गाडी घालू नये. किनारा पायी हिंडण्यासाठी आहे.

स्वस्तातला मोह

आता माझी स्वतःची चूक सांगतो. आदल्या वर्षी एका गॅरेजमध्ये मी 'रिबिल्ड' शॉक बसवून घेतले होते. जुनी नळी, वरून रंग, आत जाड तेल. निम्म्या पैशात काम झाले म्हणून मी खूष होतो. असे शॉक सुरुवातीला कडक लागतात, म्हणून माणसाला ते चांगले वाटतात. पण दांडा जुनाच, खड्डे तेच. नवे सील पहिल्या पावसाळ्यातच फाटले. निम्मे पैसे वाचवले आणि सगळे कुटुंब कठड्यापाशी नेऊन उभे केले. हा हिशेब सभासदांनी आपल्या मनाशी करून पाहावा.

नवे शॉक नावाजलेल्या कंपनीचेच घ्यावेत, आपल्या गाडीच्या मॉडेलचा व सालाचा नंबर जुळवून घ्यावेत आणि पक्के बिल मागावे. आपल्या देशात हे शॉक बनू लागल्याला साठ वर्षांवर काळ झाला. गॅब्रिएल इंडिया ही कंपनी १९६१ सालची, तिचे कारखाने नाशिक, चाकण अशा आपल्याच भागात आहेत. तेव्हा माल मिळत नाही ही सबब नाही.

बदलताना घ्यायची काळजी

काम मेस्त्रीकडूनच करून घ्यावे, पण शेजारी उभे राहून पुढील गोष्टी पाहाव्यात.

१. शॉक नेहमी जोडीने बदलावेत. मागचा एक गेला तर मागचे दोन्ही. एक बाजू नवी, एक जुनी, म्हणजे एक बैल ताजा आणि एक थकलेला. गाडी सरळ चालणार नाही.

२. नटबोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. शॉकच्या जवळ गॅसची ज्योत लावू देऊ नये. आत बंद तेल व वायू असतो, शेजारी ब्रेकचा पाइप असतो.

३. गाडी सपाट जागी, चाकांना दगड किंवा ठोकळे, आणि खाली भक्कम घोडी हवी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणालाही जाऊ देऊ नये. शॉक सुटला की अॅक्सल खाली येतो, म्हणून अॅक्सललाही आधार द्यावा.

४. पुढे जिथे कॉइल स्प्रिंगच्या पोटात शॉक असतो, तिथे खालच्या आर्मला आधार दिल्याशिवाय नट सोडू नये. स्ट्रटची स्प्रिंग दाबलेली असते. योग्य कॉम्प्रेसरशिवाय ती सोडली तर माणूस जायबंदी होतो, प्रसंगी जिवावर बेतते. हे काम घरी किंवा कच्च्या हाताने कधीच करू नये.

५. नवा शॉक बसवण्यापूर्वी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबावा व ओढावा. आडवा पडून राहिल्याने आत शिरलेली हवा निघून जाते. दांडा पक्कडीत धरू देऊ नये. एक ओरखडा पडला की सील फाटलेच म्हणून समजा.

६. रबरी बुशाचे बोल्ट आधी हलके लावावेत, गाडी चाकांवर टेकवावी आणि मगच पक्के आवळावेत. गाडी हवेत असताना आवळले तर खाली उतरताना रबर पिळवटते आणि लवकर फाटते. ही गोष्ट पुष्कळ ठिकाणी पाळली जात नाही.

७. पाटे गंजले असतील तर खोलून, साफ करून परत बसवावेत. वजन वाहण्यासाठी जादा पाटा घातला असेल तर मेस्त्रीला तसे सांगावे. पाटा कडक झाला की उसळीही जोराची होते, आणि मूळचा शॉक तिला पुरा पडत नाही.

८. स्ट्रट बदलल्यावर व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. चार-पाचशे किलोमीटर झाल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासावेत.

किती किलोमीटरला बदलावेत, असे सभासद विचारतात. ऐंशी हजार किलोमीटरचा आकडा सांगितला जातो, पण तो चांगल्या रस्त्यांचा. शेतातल्या वाटा, घाट आणि खारी हवा यांतून फिरणाऱ्या गाडीचे शॉक चाळीस हजारांपासून दर सर्व्हिसिंगला पाहत जावेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नव्याने करावी लागते, तेव्हा आरटीओत तपासणी होतेच. पण घाट काही पंधरा वर्षे थांबत नाही.

मेस्त्रींनी माझे चारही शॉक बदलले, पाटे खोलून साफ केले. परत येताना तोच घाट, तेच वळण, तोच खड्डा. गाडी एकदा दबली, वर आली आणि गप्प बसली. सासूबाई या वेळी सोबत नव्हत्या, तरी मी मालवणला फोन करून त्यांना तेवढे कळवले.

पुढच्या सुट्टीत घाट उतरण्यापूर्वी पाच मिनिटे काढा आणि आपल्या गाडीखाली एकदा वाकून पाहा, एवढीच विनंती.