शर्ली हॉर्नचा संथ पियानो

शब्दकोशात ‘बॅलड’ला पोवाडा हा प्रतिशब्द सापडतो. जॅझच्या बाबतीत त्यावर विसंबू नये. इथे बॅलड म्हणजे संथ लयीतले, बहुधा प्रेमाचे किंवा विरहाचे गाणे. आणि वॉशिंग्टनच्या शर्ली हॉर्नइतके (1934–2005) संथ ते क्वचितच कोणी गायले असेल. एक शब्द उच्चारून ती थांबते, आणि पुढचा येणार की नाही अशी धाकधूक ऐकणाऱ्याला लागते.

अमीर खाँचा झुमऱ्यातला ख्याल ऐकलेल्यांना ही लय परकी वाटणार नाही. मात्र तिथे दोन मात्रांमधली जागा ठेक्याने आणि स्वरविस्ताराने भरत जाते. हॉर्न ती बरीचशी रिकामी सोडते. हे तिला जमते याचे कारण गळ्याइतकेच तिच्या हातांत आहे. ती स्वतः पियानो वाजवत गाते. एरवी गायिकेची ओळ संपली की साथीदार आपला तुकडा वाजवतो आणि त्याच्या हिशेबाने तिला परतावे लागते. हॉर्नला असा कोणाचा हिशेब सांभाळायचा नसतो. शब्द आधी, त्याखालची कॉर्ड किंचित उशिरा. मग साधासा शब्दही मागाहून कडवट होतो. बासवर चार्ल्स एबल्स, ड्रम्सवर स्टीव्ह विल्यम्स. वर्षानुवर्षांच्या या सोबत्यांना तिचा श्वास कळत असे.

तिची पहिली ध्वनिमुद्रिका ऐकून माइल्स डेव्हिसने 1960 मध्ये तिला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्डमध्ये आपल्याआधी गायला बोलावले. स्वतः कमीत कमी सूर वाजवून भागवणाऱ्या माणसाला ती आवडावी, यात नवल नाही. 1963 च्या ध्वनिमुद्रिकांत मात्र पियानो दुसऱ्यांकडे गेला आणि ती नुसती गायली. ती गाणी वाईट नाहीत. पण त्यांत ती पाहुणी वाटते. 1992 च्या ‘हिअर्स टू लाइफ’मध्ये क्रम उलटा होता. आधी तिघांचे वादन मुद्रित झाले, जॉनी मँडेलने वाद्यवृंद नंतर त्याभोवती रचला. तिच्या थांबण्याला तिथे कुठेही धक्का लागलेला नाही.

पुढे मधुमेहाने तिचे एक पाऊल गेले आणि पियानोचे पेडल दाबता येईना. 2003 च्या ध्वनिमुद्रिकेत पियानोवर जॉर्ज मेस्टरहाझी आहे. तो अदबीने वाजवतो, तिच्या शब्दासाठी खोळंबतो. आणि तो खोळंबा ऐकू येतो. अखेरच्या काळात कृत्रिम पाऊल लावून ती पुन्हा पियानोपाशी बसली.