शर्करारेणूंचे क्लिक रसायनशास्त्र

शर्करारेणूंचे क्लिक रसायनशास्त्र ही शर्करा इतर रेणूंना जलद, खात्रीने आणि फारसे उपपदार्थ न होऊ देता जोडण्याची पद्धत आहे. पेशीच्या पृष्ठभागावरील घडामोडींचा अभ्यास करण्यासाठी आणि त्यांवर प्रभाव टाकणारी संयुगे बनवण्यासाठी ती वापरतात.

पार्श्वभूमी

पेशीपटलाच्या बाहेरील बाजूस शर्करासाखळ्यांचे आवरण असते. या साखळ्यांना ग्लायकन म्हणतात. लेक्टिन नावाची प्रथिने ग्लायकन ओळखतात. अनेक विषाणूंचा पेशीतील शिरकावही अशा ओळखीवर अवलंबून असतो. ग्लायकनची रचना प्रथिनांप्रमाणे जनुकांत थेट नोंदलेली नसते, ती विकरांच्या क्रियेतून घडते. म्हणून जनुकात बदल करून तिला थेट खूण लावता येत नाही. शिवाय एकट्या शर्करेचे लेक्टिनशी बंधन दुर्बळ असते. अनेक शर्करा एकत्र आल्यास ते बळकट होते. मात्र शर्करेवर अनेक हायड्रॉक्सिल गट असल्याने प्रयोगशाळेत नेमक्या जागी जोडणी करणे अवघड असते.

अभिक्रिया

‘क्लिक रसायनशास्त्र’ ही संकल्पना बॅरी शार्पलेस व सहकाऱ्यांनी २००१ मध्ये मांडली. २००२ मध्ये शार्पलेस आणि मॉर्टन मेल्डाल यांच्या गटांनी स्वतंत्रपणे दाखवले की, तांब्याच्या उत्प्रेरकाने ॲझाइड व अल्काइन हे गट सहज जोडले जातात व ट्रायॲझोल हे स्थिर वलय तयार होते. हायड्रॉक्सिल गट या अभिक्रियेत भाग घेत नाहीत.

तांबे जिवंत पेशींना घातक ठरते. कॅरोलिन बर्टोझी यांच्या गटाने २००४ मध्ये आठ कार्बनांच्या ताणयुक्त वलयातील अल्काइन वापरून तांब्याविना हीच जोडणी साधली. या तिघांना २०२२ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

उपयोग

ॲझाइड जोडलेली मॅनोसामाइन शर्करा पेशीला दिल्यास पेशी तिचे सियालिक आम्लात रूपांतर करून ती ग्लायकनमध्ये बसवते. त्यानंतर त्या ॲझाइडला चकाकणारा रंगद्रव्य-रेणू जोडता येतो. २००८ मध्ये झेब्राफिश माशाच्या वाढत्या भ्रूणांतील ग्लायकन, वेगळी ॲझाइड-शर्करा वापरून, याच तत्त्वावर पाहण्यात आले.

दुसरा उपयोग शर्करासमूह बनवण्याचा आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात १३ फुलरीन एकत्र जोडून त्यांवर १२० शर्करा बसवण्यात आल्या. रोगप्रतिकारक पेशींवरील ज्या लेक्टिनला विषाणू चिकटतो, ते या गोलकांनी व्यापले. त्यामुळे इबोलाच्या प्रतिकृती-विषाणूचा पेशींतील प्रवेश रोखला गेला.

मर्यादा

असे निष्कर्ष प्रयोगशाळेतील पेशींपुरते असतात. त्यांवरून औषध सिद्ध होत नाही. तांब्याने बनवलेल्या संयुगातून त्याचा अंश पूर्ण काढावा लागतो. ॲसिटिल गटांनी झाकलेल्या काही शर्करा प्रथिनांतील सिस्टीनला थेट चिकटतात. त्यामुळे दिसलेली चकाकी ग्लायकनचीच आहे, याची खातरजमा नियंत्रण-प्रयोगांनी करणे आवश्यक ठरते.