समजून घ्या : शेजाऱ्याच्या गाडीवर परराज्याची पाटी, आरटीओला कळवायचं की गप्प बसायचं?

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रात्री साडेदहाला एक फोटो आला. बी विंगच्या पार्किंगमध्ये उभी असलेली पांढरी एसयूव्ही, पाटीवर ‘पीवाय ०१’. म्हणजे पुद्दुचेरी. खाली एकच ओळ : ‘हे साहेब पाँडिचेरीला कधी राहायला होते, कुणाला माहीत आहे का?’

मग मेसेजचा पाऊस. ‘आम्ही तीन लाखांवर टॅक्स भरला, आम्ही मूर्ख का?’ ‘आधी दोन पार्किंग अडवलीत ते बघा.’ ‘रस्ते असे असताना टॅक्स कशाला भरायचा?’ शेवटी सेक्रेटरींनी ग्रुप ‘फक्त अ‍ॅडमिन’ करून टाकला.

दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये सी विंगच्या काकूंनी मला गाठलं. ‘अरे, तू पेपरात आहेस ना? हे आरटीओला कळवता येतं का? आणि कळवावं का?’

पहिल्या प्रश्नाचं उत्तर कायद्यात मिळतं. दुसऱ्यासाठी मला जरा जास्त वेळ लागला, त्याचं कारण पुढे सांगतोच.

परराज्यात नोंदणी करून वाचतं तरी किती?

वाहनांवरचा कर हा राज्यांचा विषय आहे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतल्या राज्य सूचीत ५७ क्रमांकाची नोंद त्याचीच. त्यामुळे प्रत्येक राज्याचा दर वेगळा, आणि फरक थोडाथोडका नाही.

महाराष्ट्रात वैयक्तिक नावावरच्या पेट्रोल कारला १० लाखांपर्यंत ११ टक्के, १० ते २० लाखांना १२ टक्के आणि त्यावर १३ टक्के एकरकमी कर आहे. डिझेलला हेच दर १३, १४ आणि १५ टक्के. कंपनीच्या नावावरची किंवा आयात केलेली गाडी असेल तर थेट २० टक्के. म्हणजे २५ लाखांची डिझेल एसयूव्ही घेतली तर पावणेचार लाख रुपये निव्वळ कर. एवढ्यात एक बरी सेकंड हँड हॅचबॅक येते.

काही राज्यांत आणि केंद्रशासित प्रदेशांत हीच रक्कम बरीच कमी होते. मग एजंट तिथला भाडेकरार तयार करून देतो, गाडी कागदोपत्री तिथे ‘राहते’ आणि प्रत्यक्षात पहिल्या दिवसापासून पुण्या-मुंबईत फिरते. केरळात २०१७ मध्ये हे प्रकरण गाजलं होतं. मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या काही नामवंतांच्या महागड्या गाड्या पुद्दुचेरीत नोंदवल्याचं समोर आलं, बनावट पत्ते वापरल्याच्या आरोपावरून गुन्हे दाखल झाले. अभिनेते फहाद फाझिल यांनी त्यानंतर केरळचा कर भरून टाकला.

आणि हो, आपण महाराष्ट्रवाले या गोष्टीत फक्त बळी आहोत असं नाही. जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूत एका फेरारीच्या मालकाला सुमारे १ कोटी ४२ लाख रुपये कर भरावा लागला. ती गाडी नोंदवलेली होती महाराष्ट्रात! आपल्याकडे टक्केवारी कितीही झाली तरी कराला २० लाखांची कमाल मर्यादा होती. १ जुलै २०२५ पासून ती ३० लाख झाली. साडेसात कोटींच्या गाडीला २० लाख म्हणजे स्वस्ताईच. तेव्हा तिकडच्या एखाद्या सोसायटीत ‘एमएच’ पाटीचा फोटो फिरत असेल, तर नवल नाही.

परराज्याची पाटी म्हणजे करचोरीच का?

नाही. फोटो टाकणाऱ्यांची इथेच गल्लत होते.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४६ नुसार एका राज्यात नोंदवलेली गाडी देशभर चालते. कलम ४० सांगतं की नोंदणी तिथेच करायची जिथे मालक राहतो किंवा व्यवसाय करतो आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते. आणि कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. मालकाचा पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं, ते कलम ४९.

थोडक्यात, बदली होऊन भोपाळहून आलेल्या बँक अधिकाऱ्याची ‘एमपी’ पाटी पहिल्या वर्षी पाहून शंका घ्यायचं काही कारण नाही. राज्यांना मात्र घाई असते. कर्नाटकाने २०१४ मध्ये बाहेरची गाडी ३० दिवस राहिली की आजीवन कर, अशी दुरुस्ती केली होती. तिथल्या उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली.

त्यातून ‘बीएच’ पाटी वेगळीच. सप्टेंबर २०२१ पासून आलेली ही भारत मालिका संरक्षण दल, केंद्र-राज्य सरकारी कर्मचारी, सार्वजनिक उपक्रम आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांचे कर्मचारी यांच्यासाठी आहे. ते एकदम १५ वर्षांचा नाही, दोन-दोन वर्षांचा कर भरतात. त्यांनी पुढचा हप्ता चुकवला, तर मुदत संपून सात दिवस झाले की रोज १०० रुपये दंड चढत जातो. पण बीएच पाटी दिसली म्हणजे कर बुडवला, हा आमच्या ग्रुपवरचा समज चुकीचा आहे. हिरवी पाटी असेल, तर प्रश्नच मिटला. इलेक्ट्रिक गाड्यांना आपल्याकडे करमाफी आहे.

‘मी तिकडे टॅक्स भरलाय ना, दोनदा का भरू?’ हा युक्तिवाद मात्र टिकत नाही. कर जिथे गाडी वापरता तिथला. आधीच्या राज्याकडून उरलेल्या वर्षांचा परतावा मागता येतो.

‘मागता येतो’ म्हणजे मिळतो का?

आता माझी कबुली. इंजिनीअरिंग संपवून मी बेंगळुरूत नोकरीला होतो, तिथे बाइक घेतली. पत्रकारितेत यायचं ठरवून पुण्यात परतलो तेव्हा ती रेल्वे पार्सलने आणली. आणि ती ‘केए’ पाटीवर १९ महिने चालवली. कर बुडवायचा म्हणून नाही. आज करू, उद्या करू.

शेवटी करायला घेतलं तेव्हा कळलं की रांग मोठी आहे. कर्ज काढून घेतलेली बाइक, म्हणून आधी बँकेचं पत्र. मग मूळ आरटीओकडून फॉर्म २८ वर ना-हरकत प्रमाणपत्र. त्यासाठी जुनी चलनं भरलेली हवीत, विमा आणि पीयूसी चालू हवेत. ते घेऊन इथे फॉर्म २७, वाहनाची तपासणी, कर, मग नवा नंबर, मग नवी पाटी. एका कार्यालयात चेसिस नंबरचा ठसा पुसट म्हणून मला परत पाठवलं. गेटवरच्या एजंटने तेच काम ‘दोन दिवसांत’ करून द्यायची तयारी दाखवली. परताव्याचा अर्ज मी केलाच नाही. त्यासाठी बेंगळुरूच्या चकरा मारल्या असत्या तर तिकिटांचा खर्च जास्त झाला असता.

म्हणून काकूंना लगेच ‘हो, कळवा’ म्हणायला जीभ वळेना. त्या १९ महिन्यांत माझ्या बाइकचा फोटो कुणी ग्रुपवर टाकला असता, तर?

शेजाऱ्याने कर भरलाय की नाही, हे तपासता येतं का?

एम-परिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकला की नोंदणी कोणत्या आरटीओची, तारीख, विमा, पीयूसी आणि कर कुठवर भरला आहे, एवढं दिसतं. मालकाचं नाव अर्धवट झाकलेलं असतं. ‘एलटीटी’ दिसलं तर आजीवन कर भरलेला आहे, पण तो नोंदणी झालेल्या राज्याचा. इथला कर लागू होतो का, हे अ‍ॅप सांगत नाही. त्यासाठी गाडी १२ महिन्यांहून जास्त इथे आहे हे दाखवावं लागतं.

आणि ते सिद्ध करण्याची साधनं तुमच्याकडे नसतात, अधिकाऱ्यांकडे असतात : फास्टॅगच्या नोंदी, इथली चलनं, सर्व्हिस सेंटरची बिलं, विम्यावरचा पत्ता. मालकालाही आपली बाजू मांडायला याच गोष्टी उपयोगी पडतात. गाडी मध्ये राज्याबाहेर गेली होती हे टोलच्या नोंदींवरून तो दाखवू शकतो.

सोसायटीकडे गेटची नोंदवही किंवा अ‍ॅपमधला डेटा असतो, हे खरं. पण कमिटीतल्या कुणी तो स्वतःहून काढून ग्रुपवर टाकणं वेगळं आणि आरटीओने लेखी मागितल्यावर देणं वेगळं. पहिल्या प्रकारात उद्या कोण किती वाजता आलं-गेलं हेही ग्रुपवर येईल.

तक्रार कुठे करायची, नाव गुप्त राहतं का?

तुमच्या भागाच्या आरटीओकडे लेखी अर्ज देता येतो किंवा ‘आपले सरकार’ पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. गाडीचा नंबर, ती कुठे उभी असते आणि अंदाजे कधीपासून, एवढं पुरे. पुढची तपासणी वायुवेग पथकासारख्या यंत्रणेचं काम. रस्त्यात गाडी अडवणं, कागद मागणं, असले उद्योग आपण करायचे नाहीत.

पोर्टलवर मोबाइल नंबर द्यावा लागतो, त्यामुळे सरकारसाठी तुम्ही अनामिक नसता. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८ (१) (छ) मध्ये, कायद्याच्या अंमलबजावणीसाठी विश्वासाने माहिती देणाऱ्याची ओळख उघड न करण्याची तरतूद आहे. त्यामुळे शेजाऱ्याने आरटीआय टाकला म्हणून तुमचं नाव सहज हाती लागू नये. पण चाळीस फ्लॅटच्या इमारतीत आरटीआयची गरज कुणाला पडते? आदल्या दिवशी पार्किंगवरून कोण भांडलं होतं, हे वॉचमनलाही माहीत असतं.

ब्रिटनमध्ये कर न भरलेल्या गाडीची माहिती सरकारी संकेतस्थळावर नाव न देता कळवता येते. कॅलिफोर्नियात तर परराज्याच्या पाटीवर फिरणाऱ्या रहिवाशांची माहिती देण्यासाठी हायवे पोलिसांची खास योजना आहे, तिचं नावच ‘चीटर्स’! आपल्याकडे असं एका क्लिकचं काही नाही. मला ते बरंच वाटतं. अर्ज लिहायला बसल्यावर माणूस दोन मिनिटं तरी विचार करतो.

मग कळवायचं का?

माझं मत असं : माणूस बघून नाही, प्रकार बघून ठरवा.

एखादा एजंट किंवा डीलर खोटे भाडेकरार करून गाड्यांमागून गाड्या बाहेर नोंदवत असेल, तर ती आळसाची गोष्ट राहत नाही, कागदपत्रांची बनवाबनवी होते. ते बेधडक कळवा. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी रोज भाड्याने फिरत असेल, तर तेही. अपघात झाला तर विम्याचा दावा अडकू शकतो आणि हाल प्रवाशाचे होतात.

पण एकट्या-दुकट्या शेजाऱ्याच्या गाडीबद्दल शंका असेल, तर आधी त्यालाच विचारा. ग्रुपवर नाही, समोर. ‘रस्ते खराब म्हणून टॅक्स नाही’ हे उत्तर मिळालं तर त्यातही फार दम नाही : हा पैसा राज्याच्या तिजोरीत जातो, आपल्या गल्लीतला खड्डा महापालिकेचा. विचारून, वेळ देऊनही समोरचा हसण्यावारी नेत असेल, तर अर्ज करण्यात चुगली काही नाही. आणि अर्जात जे पाहिलं तेवढंच लिहा. सरकारी अधिकाऱ्याला जाणूनबुजून खोटी माहिती देणं हाही गुन्हा आहे.

काकूंनी विचारलं. थेट त्या साहेबांना नाही, भाजीच्या गाडीवर त्यांच्या पत्नीला. तेव्हा कळलं की ती एसयूव्ही त्यांनी दीड वर्षापूर्वी सेकंड हँड घेतली होती. डीलरने सांगितलं होतं, ‘ऑल इंडिया चालते, काही करायला नको.’ आरसी अजून पहिल्या मालकाच्याच नावावर! खरं तर खरेदीदाराने ३० दिवसांत हस्तांतराचा अर्ज करायचा असतो. म्हणजे नाव बदलायचं बाकी, नंबर बदलायचा बाकी आणि इथला करही बाकी. गाडी स्वस्त का मिळाली होती, ते आता त्यांच्या लक्षात येतंय.

परवा ते साहेब स्वतः माझ्याकडे आले. फॉर्म २८ चा प्रिंटआउट हातात, पहिला मालक फोन उचलत नाही ही तक्रार. मी त्यांना माझ्या बाइकच्या वेळची फाइल दिली. काकूंच्या मोबाइलमध्ये तक्रारीचा मजकूर अजून लिहून ठेवलेला आहे, पाठवलेला नाही. ‘दिवाळीपर्यंत बघते,’ म्हणाल्या.

दोन पार्किंगचा विषय तेवढा तसाच आहे.